ज्या बाईंनी गावाला शाळा निवडायला शिकवलं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या केंद्राचे ज्येष्ठ निवृत्त मुख्याध्यापक आदरणीय उदारामजी लंजे गुरुजी, तालुक्याच्या ठिकाणाहून मुद्दाम वेळ काढून आलेले शिक्षण विभागातील सन्माननीय अधिकारी, व्यासपीठावर विराजमान सरपंच आणि इतर मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण इथे जमलो त्या सत्कारमूर्ती श्रीमती प्रेमिलाबाई टेंभरे, त्यांचे कुटुंबीय, माझे शिक्षक बंधू-भगिनी, आणि धानाच्या पऱ्ह्यांची, रोपांची कामं टाकून जांभुळटोल्याहून नवेगाव बांधपर्यंत आलेल्या माझ्या गावकरी मायबापांनो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी हिरालाल मेश्राम. जांभुळटोल्याच्या जिल्हा परिषद शाळेत सहायक शिक्षक. होतो, असं म्हणायला हवं. आमची शाळा या उन्हाळ्यात बंद झाली, हे आपल्याला ठाऊक आहे. बाई नियत वयोमानानुसार निवृत्त होत आहेत आणि त्याच महिन्यात त्यांच्या शाळेचं समायोजन झालं. समायोजन हा शब्द मोठा गोड आहे. ऐकताना असं वाटतं की कुणीतरी कुणाला सांभाळून घेतलं.

सूत्रसंचालकांनी मला सांगितलं आहे की, गुरुजी, थोडक्यात बोला आणि चांगलं बोला. आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या शिस्तीबद्दल, त्यांच्या सुंदर अक्षराबद्दल, वनभोजनाच्या आठवणींबद्दल फार छान सांगितलं. ते सगळं खरं आहे. पण मी त्यांच्यासोबत दोनशिक्षकी शाळेत बारा वर्षं काढली. पाच वर्ग आणि दोन माणसं. अशा शाळेत एकमेकांपासून काही लपत नाही. म्हणून मी जे पाहिलं ते सांगण्याची परवानगी अध्यक्ष महोदयांकडे मागतो. ते मान हलवत आहेत, म्हणजे परवानगी आहे असं समजतो.

बाई मूळच्या आमगावच्या. घरची धानाची शेती, बाजारात लहानसं दुकान. आमच्या शाळेत बदली झाली तेव्हा त्यांच्या घरच्यांनी सांगितलं होतं, जंगलातलं गाव आहे, वर्षभर काढ, मग बदलीचा अर्ज देऊ. तो अर्ज त्यांनी कधी दिला नाही. का दिला नाही, हे मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "हिरालाल, इथली पोरं वर्गात गोंडीत भांडतात आणि माझ्याकडे तक्रार झाडीबोलीत आणतात. मला अर्धंच भांडण कळतं. पूर्ण कळेपर्यंत तरी राहू दे."

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

सहा वर्षांपूर्वी आमच्या भागात एक खासगी इंग्रजी शाळा निघाली. पिवळ्या गाड्या, गळ्यात टाय, सगळं व्यवस्थित. गाडी आमच्या टोल्याच्या, वस्तीच्या फाट्यापर्यंत यायची. ज्यांच्या घरी थोडाफार पैसा होता त्यांची पोरं भराभर तिकडे जाऊ लागली. आपल्या प्रत्येकाच्या गावात हे झालं आहे, आणि आपण शिक्षकांनी काय केलं? त्या शाळेला नावं ठेवली. पालकांना नावं ठेवली. घरोघरी जाऊन हात जोडले की, बाबा, पोराचं नाव काढू नको, आमची पटसंख्या जाते. आमची पटसंख्या. पोराचं काय होतं, हा विषय त्यात कुठे आला?

एके दिवशी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष शालीकरामभाऊ शाळेत आले. शेती आहे, किराणा दुकान आहे. ते आज समोरच्या रांगेत बसले आहेत. खाली मान घालून म्हणाले, "बाई, माह्या पोराचा दाखला देऊन द्या. राग नोका मानू जी. मी अध्यक्ष हावो म्हनून पोराचं नुकसान त नाही ना करू शकत."

मला वाटलं, आता बाई समजावतील. बाई म्हणाल्या, "देते ना. पण तुम्ही ती शाळा आतून पाहिली का?"

"आतून कोन पाहाते? गाडी पायली. फाटक पायलं."

"मग आधी पाहून येऊ. तुम्ही एकटे कशाला, सगळे जाऊ. आणि तीच एक कशाला, आसपासच्या सगळ्या पाहू. बाजारातून बैल आणता तर दात पाहता, चालवून पाहता. पोराची शाळा न पाहता घ्यायची का?"

धान मळून झाल्यावर, सवडीचे दिवस पाहून त्यांनी एक गाडी ठरवली. टोल्यातले आईबाप आणि पाचवीतली पोरं, एवढी मंडळी त्यात कोंबून बसली. पतिराम सलामे, त्यांची बायको चमेली आणि पाचवीतली त्यांची मुलगी दुर्गा हे तिघंही होते. पतिराम जंगल कामगार. नवराबायको दोघांच्याही आयुष्यात शाळेत पालक म्हणून बसायला खुर्ची मिळण्याचा तो पहिलाच दिवस होता.

बाईंनी गाडीत सगळ्यांना सांगितलं, "इमारत पाहायची ती पाहा. पण प्रत्येक शाळेत एका तरी पोराला एकच गोष्ट विचारा. बाळा, तुला अडलं तर कोणाला विचारतोस?"

इंग्रजी शाळेत आमचं चांगलं स्वागत झालं, खोटं कशाला बोलू. चहा मिळाला. पोरांनी सुरात कविता म्हटली. चमेलीबाईंनी एका मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "ट्यूशनवाली दीदी से." म्हणजे शाळेची फी वेगळी आणि अडल्याची फी वेगळी. आश्रमशाळेत एक मुलगा म्हणाला, "मोठ्या दादाले." तिथले गुरुजी चांगले होते, पण पोरांच्या मानाने फार थोडे. मग इथे नवेगावच्या एका अनुदानित शाळेत गेलो. तिथे एका मुलीला विचारलं, तर तिने उत्तर न देता वर्गातल्या सरांकडे बोट दाखवलं. सर खाली बसून कुणाचं तरी गणित पाहत होते. दुर्गा त्या वर्गाच्या दारात उभी राहिली ती हलेना. तिथे एक प्रयोगाची खोली होती, काचेच्या नळ्या होत्या, एका मुलाने तिला लिंबाच्या रसाने निळा कागद लाल करून दाखवला. शेवटी बापाने तिला उचलून आणून गाडीत बसवलं.

शेवटी बाई सगळ्यांना आमच्याच शाळेत घेऊन आल्या. म्हणाल्या, "आता इथंही विचारा." मला तर घाम फुटला. शालीकरामभाऊंनी तिसरीतल्या एका पोराला विचारलं. तो म्हणाला, "बाईले. पन बाई दुसऱ्या वर्गात असल्या त कोनालेच नाही."

पालक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "खरं बोलला. आपल्याला तिसरा शिक्षक पाहिजे."

त्या दिवशी कुणी काय निवडलं ते सांगतो. शालीकरामभाऊंनी दाखला मागितला नाही. लहान पोरं आमच्याकडेच ठेवायची, आणि पाचवी झाली की नवेगावच्या त्या शाळेत पाठवायचं, असं बहुतेकांनी ठरवलं. दोन घरांनी मात्र इंग्रजी शाळाच निवडली, आणि बाईंनी त्यांचे दाखले त्याच दिवशी हसतमुखाने दिले. पुढल्या केंद्र संमेलनात आपल्याच एका बंधूंनी टोमणा मारला, "प्रेमिलाबाई सोताच्याच दुकानाले कुलूप लावून राहिल्या." मी नाव घेत नाही. आजचा मोठा हार त्यांनीच आणला आहे. मन मोठं असल्याशिवाय हे होत नाही.

बाईंना वरूनही विचारणा झाली, की आपण शासकीय शाळेत असताना पालकांना इतर शाळा कशा दाखवता? त्यांनी तोंडी जे उत्तर दिलं ते मी ऐकलं आहे. "साहेब, सरकारचा पैसा पोराच्या शिक्षणासाठी आहे. माझी शाळा त्यातलं एक साधन आहे. पोरगं जिथं शिकेल तिथं त्याचा पैसा लागला, तर तो वाया गेला असं मी म्हणणार नाही."

यात चुकीचं काय होतं? मी आजही शोधतो आहे.

पण निवडणं वेगळं आणि पोचणं वेगळं. जांभुळटोल्याहून नवेगावचा रस्ता निम्मा जंगलातून आहे. मोहफुलांच्या दिवसांत अस्वल, बाकी दिवसांत रानडुक्कर, आणि आता वाघ. एसटी मोठ्या रस्त्याने जाते, ती आमच्यासाठी वळत नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोरींनी जायचं कसं? बाईंनी हा प्रश्न ग्रामसभेत मांडला. गावाकडे तेंदूपत्त्याचा, विडीच्या पानांच्या विक्रीचा, थोडा पैसा होता. त्यातून देवीसाठी मंडप बांधायचं ठरलेलं होतं. चर्चा बरीच तापली. तेव्हा चमेलीबाई उभ्या राहिल्या. ग्रामसभेत त्या त्याआधी कधी बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "देवी आमची मायच हाय. ते एक वरीस झाडाखाली बसन. पोरगी घरी बसली त मंग नाही उठत."

मंडप राहिला, गाडी आली. गावातल्याच कैलाशची जुनी जीप ग्रामसभेने लावली. सकाळी मोठ्या पोरांना नवेगावला न्यायची, संध्याकाळी आणायची. दुर्गा सहावीत त्या शाळेत गेली. मित्रांनो, ती तीन वर्षं मी माझ्या नोकरीतली खरी वर्षं मानतो. आमच्या शाळेत पोरं वाढली, कारण आईबापांना पुढची वाट दिसत होती. शेजारच्या टोल्यातूनही पोरं आली. एकदा त्या इंग्रजी शाळेच्या संचालकांनी स्वतः येऊन विचारलं की, तुम्ही नेमकं काय करता? बाईंनी त्यांनाही चहा पाजला आणि तोच प्रश्न दिला, पोराला अडलं तर तो कोणाला विचारतो. पुढे त्यांनी शिकलेल्या दोन शिक्षिका नेमल्या. स्पर्धा अशीही असू शकते.

दुर्गा आठवीत असताना तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा नंबर आला. तळ्याच्या पाण्यातला गाळ कमी-जास्त कसा होतो, यावर तिने काम केलं होतं. कैलाशने जीपला झेंडूच्या माळा बांधल्या. पतिराम दुसऱ्या दिवशी शाळेत आले, आणि म्हणाले, "बाई, हे पोरगी का होईन?" बाई म्हणाल्या, "तिला विचारा. तेही तिलाच निवडू द्या."

इथवर सांगून मी बसलो असतो तर कार्यक्रम गोड झाला असता.

शासनाने आम्हाला पैसा दिला नाही, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर ते पाप होईल. दिला, आणि मोकळ्या हाताने दिला. बाईंनी मागणी केली होती दोन गोष्टींची. एक तिसरा शिक्षक, आणि दुसरी त्या जीपचा खर्च, कारण तेंदूपत्त्याच्या पैशावर गाव किती दिवस रेटणार? वाहतूक भत्त्याची योजना आहे, ती मला माहीत आहे. पण तो भत्ता पोराच्या खात्यावर जमा होतो, तेव्हा पोराचा वर्ग बदललेला असतो. जीपवाल्याला डिझेल आज लागतं. या मागणीवर उत्तर असं आलं की वाहनासाठी हेड, म्हणजे खर्चाचं शीर्ष, नाही. आणि पाठोपाठ, दुसऱ्या कुठल्या हेडमधून, आमच्याकडे एक ट्रक आला. त्यात एक स्मार्ट बोर्ड होता. मग ठेकेदार आला. संरक्षक भिंत झाली. रॉकेटच्या आकाराचं प्रवेशद्वार झालं. भिंतींवर हत्ती, जिराफ आणि रेल्वेचा डबा रंगवला.

बाई मला घेऊन कार्यालयात गेल्या. तिथले साहेब भले माणूस होते, आता बदलून गेले. बाई म्हणाल्या, "साहेब, आमच्या टोल्यात दिवसा वीज राहत नाही. बोर्ड चालणार कसा? याच्याऐवजी गाडीचा वर्षाचा खर्च द्या."

साहेब म्हणाले, "मॅडम, मलाही कळतं. पण हा निधी मार्चच्या आत खर्च झाला नाही तर परत जातो. आणि परत गेला तर मला विचारतात. बोर्ड चालला की नाही, हे मला कोणीच विचारत नाही."

बाई नमस्कार करून उठल्या. बाहेर झाडाखाली आल्यावर म्हणाल्या, "खरं बोलला बिचारा." आमच्या तिसरीतल्या पोराबद्दल म्हणाल्या होत्या, अगदी तसंच.

प्रवेशद्वाराचं उद्घाटन थाटात झालं. फीत कापली. फोटो निघाले. मंचावर आज जे अधिकारी बसले आहेत त्यांचा या सगळ्याशी संबंध नव्हता, ते नंतर आले, त्यांच्यावर माझा कुठलाही रोख नाही. रोख कुणावर ठेवावा, हेच तर कळत नाही. ठेकेदाराने काम चोख केलं. साहेबांनी निधी वाचवला. हिशेब तपासणारे आले, त्यांना एक रुपयाचा घोळ सापडला नाही. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं आणि त्याच उन्हाळ्यात जीपचा पैसा आटला.

त्या वर्षी तेंदूपत्त्याला भाव नव्हता. पानं उचलणारा ठेकेदारच आला नाही. पानांचे पुडे फळीवर, गोळा करायच्या जागीच, वाळून गेले. गावाजवळ पैसा राहिला नाही. कैलाशने जून-जुलै पदरमोड करून गाडी चालवली. मग एक दिवस येऊन म्हणाला, "बाई, आता नाही होऊन राहिलं जी. घरचे धान विकून डिझेल टाकलं." कुणी त्याला काय बोलणार?

मोठ्या मुलींना सायकली मिळाल्या होत्या. प्रामाणिकपणे सांगायला हवं, तीही शासनाचीच योजना, आणि चांगली. दुर्गा आणि तिच्या दोन मैत्रिणी सायकलने जाऊ लागल्या. काही महिने गेल्या. मग त्याच रस्त्यावर, गुरं चारायला गेलेल्या शेजारच्या गावातल्या एका माणसाला वाघाने मारलं. त्यानंतर कोणती आई आपल्या पोरीला त्या रस्त्याने पाठवेल? तुम्ही पाठवाल का? मी नाही पाठवणार. पतिरामने सायकल घराच्या आढ्याला टांगली. दुर्गा तेव्हा नववीत होती.

बाईंनी तिला आश्रमशाळेत घालायचं पाहिलं. वर्ष अर्धं झालेलं, जागा नव्हती. नवेगावात एखाद्या नातेवाइकाकडे ठेवायचं पाहिलं. नातेवाईक नव्हता. स्वतःच्या घरी आणते म्हणाल्या, पण त्यांच्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरगी घरी बसली. आणि पौषात तिची आत्या मिरची तोडायला तेलंगणात निघाली, तेव्हा दुर्गा तिच्यासोबत गेली. टोल्यातली बरीच माणसं जातात. धान निघालं की इथे काम काय?

गेल्या हिवाळ्यात बाईंनी रजा टाकली. पतिराम, बाई आणि मी, तिघं निघालो. वार्षिक परीक्षेला तिला बसवायचं, एवढाच विचार. बल्लारशाहपर्यंत रेल्वे, पुढे बस, पुढे एका टेम्पोत उभ्याने. दुपारी त्या शेतावर पोचलो. मिरचीचं शेत लांबून फार सुंदर दिसतं. जवळ गेलं की डोळ्यांतून पाणी येतं. बायांनी तोंडाला फडकी बांधलेली, त्यात आम्हाला दुर्गा ओळखूच आली नाही. तिनेच बाईंना ओळखलं. पळत आली, आणि जवळ येऊन थांबली. बाईंनी हात पुढे केला तर ती मागे सरकली. म्हणाली, "नोका धरू बाई, हात जळजळतात. तुमाले लागन."

बांधावर बसलो. बाई म्हणाल्या, "परीक्षा आहे तुझी. चल."

ती बापाकडे पाहत होती, बोलत बाईंशी होती. "परीक्षा देऊन का करू बाई? दहावी त तिथंच हाय ना, नवेगावले. गाडी सुरू झाली का?"

बाई म्हणाल्या, "नाही. आश्रमशाळेत बोलले आहे मी. जूनमध्ये जागा होईल म्हणतात."

"ते शाळा मी पायली हाय. तुमीच नेलं होतं पाहाले." मग म्हणाली, "तवा तुमी म्हनलं होतं, पाहून घ्या अन् निवडा. मी निवडली होती ना बाई."

आरोप नव्हता तिच्या बोलण्यात. आरोप असता तर बरं झालं असतं, माणसाला काही उत्तर तरी देता येतं. मुकादमाने लांबून हाक मारली. ती उठली. पतिरामने घरून आणलेली मोहाची पुरचुंडी तिच्याकडे दिली, ती तिने पदरात घेतली आणि परत रांगेत जाऊन वाकली. आम्ही पंधरा-वीस मिनिटं तसेच उभे होतो. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असेल, पण तोंडाला फडकं बांधल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. चंद्रपूर स्टेशन गेलं, मूल स्टेशन गेलं. मग म्हणाल्या, "हिरालाल, मी त्यांना शाळा दाखवायला नको होत्या. दाखवल्या नसत्या, तर तिला काय हुकलं ते तरी तिला कळलं नसतं."

बाई, त्या दिवशी गाडीत पतिराम समोर बसले होते, म्हणून मी बोललो नाही. आज सगळ्यांसमोर सांगतो. तुम्ही दाखवल्या ते बरोबर केलं. पण तुमचं हे वाक्य खोटं आहे, असं मात्र मला आजही म्हणता येत नाही. ज्याला निवड माहीतच नाही तो निदान झोपतो तरी.

पुढचं आपल्यासमोर घडलं. मोठ्यांची वाट बंद झाली तशी लहानांचीही गळती लागली. पुढे जायचंच नसेल तर पाचवीपर्यंत तरी कशाला, असं आईबाप म्हणू लागले. शेजारच्या टोल्यातली पोरं यायची थांबली. शालीकरामभाऊंनी मुलाला शेवटी गोंदियाला भावाकडे ठेवलं, त्यांची ऐपत होती, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पट कमी झाला. कमी पटाची शाळा चालवणं म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्यय, असं वरचं धोरण आहे. मे महिन्यात आदेश आला. त्यात कारण दिलं आहे की उपलब्ध निधीचा सुयोग्य वापर व्हावा आणि विद्यार्थ्यांना अधिक चांगल्या शाळेचा पर्याय मिळावा. बाईंनी तो आदेश मला वाचून दाखवला. सुयोग्य वापर आणि पर्याय. इतकी वर्षं त्या हेच दोन शब्द बोलत होत्या. कार्यालयाने ते उचलले आणि त्यांच्याच शाळेला लावले.

मान्यवरहो, मी काही विचारवंत नाही. शाळा बंद करू नका, असंही मी म्हणत नाही. कधी कधी दोन शाळा एक करणं शहाणपणाचं असेल. खासगी शाळा वाईट, सरकारी चांगली, असंही नाही. बाईंनी मला ते शिकवलंच नाही. पण गरीब माणसापुढे चार शाळांची नावं ठेवली आणि जायला वाट दिली नाही, तर त्याला निवड म्हणायचं का? भिंतीवर रंगवलेल्या रेल्वेच्या डब्यात बसून कोणी कुठे जातं का? एका जीपच्या डिझेलला हेड नव्हता. कुणी तरी कधी तरी तो हेड काढेल. तोवर दुर्गाचं वय थांबणार नाही.

ती अजून परत आलेली नाही. मिरचीचा हंगाम संपल्यावर तिथल्याच एका कारखान्यात लागली, असं कळतं. पतिराम आज इथे आले आहेत. ते मागे खांबाजवळ उभे आहेत, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

परवा बाई आणि मी टोल्यात शाळेतलं शेवटचं सामान आवरायला गेलो होतो. चमेलीबाई त्यांच्या धाकट्याला, गुलशनला, घेऊन आल्या. दुसरी पास झाला आहे. त्या म्हणाल्या, "गुरुजी, याले कोन्या शाळेत घालू? तुमीच सांगून द्या."

मी म्हटलं, "चमेलीबाई, तुम्हीच ठरवायचं. प्रेमिलाबाईंनी सांगितलं आहे ना."

त्या म्हणाल्या, "सांगतलं होतं जी. आमी ठरवलं बी होतं. आता नाही ठरवत. जिथं न्याल तिथं टाकून द्या."

प्रेमिलाबाई आत कपाट रिकामं करत होत्या. त्यांनी हे ऐकलं. बाहेर आल्या, गुलशनच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पुन्हा आत गेल्या. आतून कपाटाचा आवाज बराच वेळ आला नाही.

बाई, आपल्याला निरोप देताना दीर्घायुष्य आणि सुखाची वर्षं चिंतावीत, अशी रीत आहे. दीर्घायुष्य मी मनापासून चिंततो. सुखाचं मात्र तुमच्यावर सोडतो, तुम्ही खोटं सुख घेणाऱ्यातल्या नाहीत.

अध्यक्ष महोदयांनी मला एवढा वेळ बोलू दिलं, संयोजकांनी माइक बंद केला नाही, आणि आपण सर्वांनी उन्हातान्हात बसून ऐकलं, याबद्दल मी ऋणी आहे. कोणाच्या मानाला माझ्या शब्दाने धक्का लागला असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर आपण मोठ्या मनाने पोटात घालावं. ही माफी व्यासपीठासाठी झाली. जांभुळटोल्याच्या लोकांची माफी मागायलाही मी उभा राहिलो होतो, पण मघापासून खांबाजवळ पाहतो आहे, आणि ती कोणत्या शब्दांत मागावी ते मला सुचत नाही.

नमस्कार.